आधी प्रकरण, मग जेवण

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यातला एक शुक्रवार. ठिकाण दोह्याजवळचं अल वक्रा, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापासून टॅक्सीने दहा मिनिटांवरचा एक दोन खोल्यांचा फ्लॅट. खर्च शहाण्णव रियाल, त्यात सुरमई, कोळंबी आणि नारळ. सगळा यजमानांच्या खिशातून. हजर माणसं चार: यजमान मयेकर, ट्रेलर चालवणारा संतोष, क्रेन ऑपरेटर बाबी कुबल आणि मी. दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि कोणाच्याही पुढ्यात ताट आलेलं नव्हतं, कारण देवमाशाच्या शेपटीवरचं प्रकरण अजून संपायचं होतं.

स्वयंपाकघरातून कालवणाचा वास येत होता. संतोषने दोनदा जांभई दिली, एकदा पोटावरून हात फिरवला आणि शेवटी राहवेना म्हणून विचारलं, "काका, शेपटीच हाय ना? किती लांब असंल?"

"सबूर," मयेकर पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले. "लेखकाला शेपटीवर अजून बोलायचं आहे. ज्याला घाई असेल त्याने खाली जाऊन शावरमा खावा."

कोणी उठलं नाही. मयेकरांच्या हातचं तिरफळ घातलेलं कालवण ज्याने एकदा खाल्लं आहे, तो शेपटीच काय, देवमाशाच्या बरगड्या मोजेपर्यंतसुद्धा बसतो. बरगड्यांचं प्रकरण पुढे होतंच.

मयेकरांच्या घरचा नियम एकच होता: आधी प्रकरण, मग जेवण. दर शुक्रवारी दुपारी ते एका जाडजूड इंग्रजी कादंबरीचं एक प्रकरण वाचत. वाचत म्हणजे पुस्तक इंग्रजी आणि तोंडातून येणारं मराठी. मध्ये कागद नाही, तयारी नाही. वाक्यावर नजर टाकायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि ते वाक्य मराठीत सांगायचं. दोरखंडांचे, शिडांचे, वल्ह्यांचे शब्द मालवणच्या खलाशांचे असत, बाकीची भाषा आपली शाळेतली. संध्याकाळी कोणाची ड्युटी असेल तर त्याला आधी डबा भरून मिळे, पण तोही प्रकरण संपल्यावरच.

मयेकरांची नोकरी समुद्राची खोली मोजण्याची. बंदरात गाळ काढणाऱ्या एका कंपनीत ते सर्वेक्षक होते. बोटीवर बसून यंत्राने तळ तपासायचा आणि नकाशावर आकडे भरायचे. बोलणं कमी, कपडे इस्त्रीचे, चष्मा दोरीला बांधलेला. पत्नी आमची ओळख होण्याच्या आधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर देव एक, कॅलेंडर एक, आणि शेल्फवर त्या एकाच कादंबरीच्या चार प्रती.

लेखकाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मयेकरही कधी घेत नसत. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन, एवढं सांगत. एरवी त्याला ते 'म्हातारा' म्हणत. मी एकदा कारण विचारलं.

"नाव घेतलं की लोक म्हणतात, हो हो, माहीत आहे. आणि ऐकायचं थांबतात," ते म्हणाले.

म्हाताऱ्याची हकीकत मात्र ते नव्या माणसाला न चुकता सांगत. तरुणपणी जहाजावर गेला. परत येऊन लिहू लागला. सुरुवातीची पुस्तकं खपली. मग त्याने हे मोठं पुस्तक लिहिलं आणि लोकांनी पाठ फिरवली. पुढे पोटासाठी बंदरावर कस्टमची नोकरी धरली, दुसऱ्यांची खोकी तपासत म्हातारा झाला आणि गेला तेव्हा फारसं कोणाला कळलंही नाही. जग जागं झालं ते नंतर.

"आता त्याच्यावर लोक पीएचड्या करतात," मयेकर म्हणत. "त्याचा त्याला काय उपयोग? माणूस बोलत होता तेव्हा समोर कोणी बसलं नाही. निदान आता बसला आहात तर पुरतं ऐका."

'पुरतं ऐका' हे त्यांचं पालुपद. कादंबरीत सव्वाशेच्या वर प्रकरणं आहेत. त्यांतली निम्मी तरी गोष्टीची नाहीत; देवमाशाचं तेल कसं काढतात, त्याचं डोकं केवढं, पांढऱ्या रंगाची भीती का वाटते, असलं सगळं. कोणीही शहाणा वाचक ती पानं उलटून पुढे जाईल. मयेकर एक ओळ गाळत नसत. सुरुवातीच्या दिवसांत आदित्य नावाचा आयटीतला एक पुण्याचा मुलगा येत असे. तो म्हणाला, "काका, फोनला विचारलं ना, तर दोन मिनिटांत सगळ्याचा सारांश मिळेल."

"मिळेल," मयेकर म्हणाले. "तुझ्या लग्नाचाही सारांश करून घे. आहेर पोचला, जेवणं झाली, खलास."

आदित्य हसला आणि येत राहिला. पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो पुण्याला परतला.

माझी नेमणूक वेगळी होती. मी एका बांधकाम कंपनीत हिशेबतपासनीस आहे, अल रय्यानमध्ये कुटुंबासह राहतो. दिवाळीच्या फराळाला आमची ओळख झाली. माझा व्यवसाय कळल्यावर मयेकरांनी विचारलं, "तुम्ही ओळ न् ओळ तपासता, की वरवर?"

"ओळ न् ओळ," मी म्हणालो.

"मग शुक्रवारी या."

गेलो तर त्यांनी शेल्फवरची एक प्रत माझ्या हातात दिली. "मी सांगत जाईन, तुम्ही मुळात बोट फिरवत चला. कुठे वाक्य सुटलं, कमी पडलं, माझ्या पदरचं काही आलं, तर बोट वर करायचं. संकोच करायचा नाही."

असा मी त्या अमेरिकनाच्या वतीने हिशेबतपासनीस झालो. बोट वर करण्याची वेळ फार थोड्या वेळा आली. केलं की मयेकर लगेच थांबत, चष्मा पुसत, ते वाक्य पुन्हा सांगत आणि "आभारी आहे" म्हणत. बायकोने घरी विचारलं, "तीन वर्षं झाली, अजून एकच पुस्तक?" मी हिशेब करून दाखवला. आठवड्याला एक प्रकरण, वजा दोन्ही ईद, वजा रमझान, वजा त्यांची सुट्टी, वजा माझी सुट्टी. ती म्हणाली, "आणि जेवण?" त्याचा हिशेब मी केला नव्हता. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर गोइंग फॉर द फिश." तेही सुरुवातीला खोटं नव्हतं.

पण त्या पुस्तकाची गंमत अशी की ते आपल्या नकळत आत शिरतं. गोष्ट साधी आहे. एका जहाजाच्या कप्तानाला एका देवमाशाने पूर्वी जबर दुखावलं आहे. आता जहाजाचा धंदा, मालकांचा नफा, खलाशांचे जीव, सगळं बाजूला ठेवून तो त्या एका माशाच्या मागे जगभर फिरतो. संतोष हे प्रथम ऐकून म्हणाला, "आमचा फोरमन हाय की हा!" मग पुढचे सहा महिने तो फोरमनला कप्तानच म्हणे. पण एका शुक्रवारी त्याने ताटातला मासा तसाच ठेवला. मयेकरांनी विचारलं तर म्हणाला, "काका, मीच हाय तो."

परभणीकडे त्याच्या चुलतभावाशी बांधावरच्या चिंचेच्या झाडावरून कोर्टकज्जा चालू होता. दोन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी तो तारखा घेण्यात घालवी. त्यानंतरच्या सुट्टीवरून परत आला तो खजुरासारखा काळा होऊन आणि हसत आला. "केस मागं घेतली. पोरांना घेऊन चिंचा खाल्ल्या. बायको म्हणली, हे कुणी शिकवलं? म्हणलं, एक अमेरिकन म्हातारा हाय."

 मयेकरांनी संतोषच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाबी कुबल आमच्यात उशिरा आला. तोही मालवणकडचा. अल खोरला कामगारांच्या कॅम्पमध्ये राही. कंपनीच्या बसने दोह्यापर्यंत आणि तिथून मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत, असा अर्धा दिवस मोडून येई. पहिल्या दिवशी फक्त जेवायला आला होता. नियम ऐकून घाबरला. "माका इंग्लिश येणा नाय," म्हणाला. मयेकर म्हणाले, "कप्तानाकाय मालवणी येय नाय. बस."

त्या दिवशीच्या प्रकरणात शिकारीची एक होडी फुटते. मयेकर रंगात येऊन सांगत होते, होडी कशी उलटली, कशी बुडाली. बाबी एकदम उभा राहिला.

"मयेकरांनू, ह्यो शब्द नको."

"कुठला?"

बाबीने तो उच्चारला नाही. हाताने नुसतं खाली दाखवलं. मग सांगितलं: त्याचा मुलगा नारायण मालवाहू जहाजावर आहे, नुकताच लागला आहे. त्यांच्या घरात माणूस दर्यावर असेपर्यंत तो शब्द कोणी बोलत नाही. आजा मासेमारीला जाई तेव्हापासूनची रीत. त्याची बायको गावी अजून पाळते, शेजारची मुलं अंगणात बोलली तरी गप्प करते.

"मी नको आसलंय तर येणंय नाय," तो म्हणाला. "पण ऐकूक बरा वाटता."

मला वाटलं, मयेकर म्हणतील, लेखकाने जे लिहिलं ते लिहिलं. शेपटीवरची एक ओळ न सोडणारा माणूस. ते खाली मान घालून पान चाचपत राहिले. मग म्हणाले, "बस. होडी आडवी झाली."

मी बोट वर केलं. सवयच ती.

मयेकरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भागवत, अर्थ पोचला ना? पुढे चला." आभारी आहे म्हणाले नाहीत.

तेव्हापासून त्या घरात काहीच बुडत नसे. सूर्य कलत असे. होड्या आडव्या होत. शेअरबाजारात माझ्या मित्राचे पैसे गेले ते नुसते गेले. संतोषचं बिस्कीट एकदा चहात पडलं, तर त्याने कपात बघून गंभीरपणे जाहीर केलं, "काका, माझं बिस्कीट आडवं झालं." सगळ्यांत जास्त बाबीच हसला.

पण बाबीला गोष्टीपेक्षा दुसरीच काळजी होती. बाकीचे विचारत, देवमासा सापडतो का? बाबी दर शुक्रवारी निघताना चपला घालता घालता विचारी, "मयेकरांनू, पोरां घराक कधी पोचतत?" पोरं म्हणजे जहाजावरचे खलाशी. त्यांत एकाला नवीन लग्न झालेली बायको आहे, एकाला लहान मुलगा आहे. बाबीने त्या सगळ्यांना नावं दिली होती आणि प्रत्येकाच्या घरची चौकशी करी.

"सबूर," मयेकर म्हणत.

शेवट मला ठाऊक होता. हातात पुस्तक होतं. मी पहिल्याच महिन्यात शेवटची पानं वाचून ठेवली होती. कुठल्याही ताळेबंदाची मी बेरीज आधी बघतो. तो शेवट कसा आहे हे इथे सांगायला हरकत नाही, कारण जगाला तो माहीत आहे. कप्तान माघारी फिरत नाही. जहाज जातं, त्यासोबत माणसं जातात. सांगायला एकटा उरतो.

मयेकर साठीचे झाले आणि कंपनीने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तीस वर्षं ते इथे होते. कंपनीने निरोपाला एक घड्याळ आणि अत्तराची बाटली दिली. विमान रविवारचं, गोव्याचं. मधे एकच शुक्रवार उरला आणि पुस्तकाची तीन प्रकरणं उरली. पाठलागाचे तीन दिवस. मयेकरांनी कळवलं: तिन्ही एका बैठकीत वाचू, लवकर या.

त्याच सुमारास नारायणचे फोन बंद झाले. तो दर आठवड्याला कुठून ना कुठून वडिलांना फोन करी. एक आठवडा फोन आला नाही, बाबी म्हणाला, नेटवर्क नसेल. दुसराही गेला. मुंबईच्या एजंटाकडे विचारलं तर तो म्हणे, जहाजाला उशीर झालाय, कळलं की सांगू. बाबीची बायको गावाहून रोज विचारी आणि बाबी तिला रोज सांगे, एजंटाशी बोलणं झालं, सगळं ठीक आहे. तो आम्हाला म्हणाला, "तिका सांगताना माझो आवाज नीट येता. फोन ठेवलंय की परत एजंटाक लावतंय."

मी मयेकरांना वेगळं गाठलं. "पुढची प्रकरणं राहू द्या," मी म्हणालो. "बैठक नुसत्या जेवणाची करा."

"बाबीने काल फोन केला होता," मयेकर म्हणाले. "म्हणाला, जायच्या आधी पोरां घरात पोचवन जावा. तेवढाच मागतंय. आता मी नाही वाचलं तर तो काय समजेल?"

मी शुक्रवारी लवकर यायचं कबूल केलं.

त्या शुक्रवारी फ्लॅट जवळजवळ रिकामा होता. सोफा विकला गेला होता. आम्ही चटईवर बसलो. सामान बांधून भिंतीशी लावलेलं, तरी स्वयंपाकघरात कालवण होतंच. संतोष आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात. बाबीने फोन समोर चटईवर ठेवला, स्क्रीन वर करून, आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मी माझी प्रत उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं.

पहिला दिवस मयेकरांनी मुळाप्रमाणे सांगितला. देवमासा दिसतो, एक होडी फोडतो, माणसं वाचतात. दुसरा दिवसही मुळाप्रमाणे. आवाज खणखणीत होता. माझं बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. मग तिसऱ्या दिवसाचं पान आलं. मयेकरांनी पाणी प्यायलं.

"तिसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती," त्यांनी सुरुवात केली. तसं आहे. पुढचं पानभर तसंच होतं. त्यानंतर मला माझी ओळ सापडेना.

"कप्तानाने दुर्बीण लावली," मयेकर सांगत होते. "देवमासा समोर होता, हाकेच्या अंतरावर. कप्तान बघत राहिला. मग त्याने डेकवर नजर टाकली. सगळी पोरं त्याच्याकडे बघत होती. त्याने दुर्बीण खाली ठेवली आणि सुकाणूवरच्या माणसाला म्हणाला, फिरव."

मी पान मागे केलं, पुढे केलं. कुठेही नव्हतं.

"कोणाला खरं वाटेना. सुकाणूवरचा म्हणाला, काय म्हणालात? कप्तान म्हणाला, घरी."

मयेकरांचे डोळे पुस्तकावर नव्हते, पण जिथे पान उलटायचं तिथे ते बरोबर पान उलटत होते. मग जहाज निघालं. वारा कुठून होता, शिडं कशी बांधली, मधे पाण्याचं पिंप कसं फुटलं, सगळं त्यांनी सांगितलं. घाई केली नाही. तीस वर्षं समुद्र मोजलेला माणूस, त्याचा एक शब्द खोटा वाटला नाही. बंदर आलं. प्रत्येक खलाशी आपापल्या घरी गेला आणि मयेकर प्रत्येकाच्या मागून त्याच्या दारापर्यंत गेले. एकीने नवरा येणार म्हणून दारात पाण्याचा तांब्या ठेवला होता. अमेरिकेत तांब्या कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. एकाचा बाप ओट्यावर बसला होता. पोरगा उन्हाने इतका रापला होता की बापाने ओळखलंच नाही, म्हणाला, कोण हवंय? मग पोरगा हसला, तेव्हा दातांवरून ओळखलं.

संतोष नाक ओढत होता. मयेकरांनी पुस्तक मिटलं.

बाबी त्यांच्याकडे बघत नव्हता. तो माझ्या बोटाकडे बघत होता.

"भागवत साहेब," तो म्हणाला, "बरोबर आसा मां?"

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर सही करतो. चुकीच्या आकड्याखाली सही केल्याचं मला आठवत नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग जेवया," बाबी म्हणाला आणि ताटं आणायला तोच उठला.

रविवारी मयेकरांना मी विमानतळावर सोडलं. सामान वजनात होतं. मी आदल्या दिवशी घरच्या काट्यावर तोलून पाहिलं होतं. गाडी वक्रा रोडला लागली. मग तेच म्हणाले, "तुम्ही बोट वर केलं नाही."

"नाही."

"म्हाताऱ्याला मी तीन वर्षं सांगत आलो, तुझी एक ओळ गाळणार नाही. आणि नेमकं शेवटाला..." ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मला मूल नाही, भागवत. मला यातलं काय कळतं? पण म्हाताऱ्याला दोन मुलगे होते. दोघंही त्याच्या आधी गेले. एक तर घरातच. तो बाप होता. मला वाटतं, त्याला चाललं असतं."

मी म्हणालो, चाललं असतं. उतरताना त्यांनी एवढंच सांगितलं की नारायणचा फोन आला की तासाच्या आत कळवा.

फोन बुधवारी आला. भर समुद्रात जहाजाचं इंजिन बंद पडलं होतं, मग वीज गेली, मग दुसऱ्या जहाजाने ओढून बंदरात आणलं. कंपनीला सगळं ठाऊक होतं. घरच्यांना कळवायचं कोणाला सुचलं नाही. बाबी फोनवर मला धड सांगू शकला नाही, बाजूच्या माणसाने सांगितलं. मी मयेकरांना लगेच मालवणला फोन लावला. 

"कुठल्या बंदरात?" त्यांनी विचारलं.

"ते नाही विचारलं."

"विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "भागवत, एक देणं राहिलंय. पोरगा सुट्टीवर घरी पोचला की बाबीला तिसरा दिवस वाचून दाखवा. म्हाताऱ्याने लिहिलाय तसा. पुरता."

नारायण चार महिन्यांनी घरी पोचला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी बाबी आणि संतोषला अल रय्यानला बोलावलं. बायकोने कोंबडीचा रस्सा केला. मासे आम्हाला जमत नाहीत. नियम मोडला नाही. मी दिवाणखान्यात बसलो आणि माझ्या देशावरच्या मराठीत, मयेकरांसारखं मुळीच न जमता, तिसरा दिवस पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. आधी सांगितलं की मागच्या वेळी ऐकलं ते पुस्तकात नव्हतं. बाबी म्हणाला, वाचा.

एका ठिकाणी मी अडलो. जहाज, म्हणालो, आणि थांबलो.

"बुडला म्हणा," बाबी म्हणाला. "नारायण घरात आसा."

मी तसं म्हणालो आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.  संतोष चिडला होता. "म्हणजे काकांनी आपल्याला फसवलं की ओ!"

बाबीने मान हलवली. "माका तवाच कळला होता."

"कसं?" मी विचारलं. "तुम्ही तर मला विचारलंत, बरोबर आहे का."

"दोन वर्सां त्या कप्तानाक ऐकलंय. तो माघारी फिरणारो माणूस न्हय." तो उठून हात धुवायला निघाला. बेसिनपाशी थांबून म्हणाला, "पण साहेब, त्या अमेरिकनाचा आपण इतके शुक्रवार ऐकलंव. एक शुक्रवार मयेकरांचा ऐकलंव, तर काय झाला?"